अम्मार ४०४ च्या देशात: ट्यूनिस, कैरवान, सिदी बुझिद

एप्रिलच्या सुरुवातीला मी आणि माझी ताई ट्युनिशियाला जाऊन आलो. लोक तिथे समुद्र, वाळवंट आणि रोमन अवशेष बघायला जातात. आम्हीही थोडं बघितलं, पण जायचं कारण वेगळं होतं. २०११ च्या जानेवारीत, तिथे क्रांती चालू असताना, मी रात्र रात्र जागून लीना बेन म्हेन्नी या तिथल्या मुलीचा ब्लॉग वाचायचो. अरबी, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन भाषांत ती लिहायची आणि तिथल्या टीव्हीवर येत नव्हतं ते सगळं तिच्याकडे असायचं. तेवीस वर्षं खुर्ची न सोडलेला राष्ट्रपती बेन अली १४ जानेवारीला देश सोडून पळाला तेव्हा मला आपल्याच घरातली गोष्ट असल्यासारखा आनंद झाला होता. आता तिथे लोक किती मोकळं बोलतात ते प्रत्यक्ष बघायचं होतं. ताई नाशिकला फ्रेंच शिकवते, त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता.

या लेखात आम्हाला भेटलेल्या कोणाचंही नाव दिलेलं नाही. का ते पुढे कळेलच.

शनिवार, ट्यूनिस

मुंबईहून मधे एक थांबा घेऊन दुपारी पोचलो. बारीक पाऊस आणि वारा, स्वेटर लागला. लाफायेत भागात एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. बाई साठीच्या, एकट्याच राहतात. आल्या आल्या कॉफी आणली आणि कपात एका छोट्या बाटलीतून संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे दोन थेंब टाकले. त्या वासानं प्रवासाचा शीण निम्मा गेला, खरंच. या दिवसांत नाबेलकडे ही फुलं तोडतात आणि घराघरात अर्क काढतात म्हणाल्या.

संध्याकाळी हबीब बोर्गिबा मार्गावर चालायला गेलो. मधोमध झाडांची रांग, त्यात हजारो चिमण्यांचा इतका कलकलाट की ताईशी ओरडून बोलावं लागत होतं. दोन्ही बाजूला कॅफे, एका टोकाला इब्न खल्दूनचा पुतळा, समोर कॅथेड्रल, आणि दुसऱ्या टोकाकडे गृहमंत्रालयाची करडी, जड इमारत. १४ जानेवारीला हजारो लोक हिच्यासमोर उभे राहून "देगाज", म्हणजे चालता हो, असं ओरडत होते.

त्याच्या आठवडाभर आधी, ६ जानेवारीला, स्लीम अमामू या ब्लॉगरला पकडून नेलं होतं. कुठे नेलंय ते कोणी सांगेना, पण त्याच्या फोनचं लोकेशन चालू राहिलं आणि मित्रांना नकाशावर दिसलं की तो याच इमारतीत आहे. १३ तारखेला सुटला आणि १७ ला चक्क नव्या सरकारात युवा आणि क्रीडा खात्याचा राज्यमंत्री! कॅबिनेटच्या बैठकीतून ट्वीट करायचा. मे महिन्यात लष्कराच्या सांगण्यावरून काही साइट बंद केल्या गेल्या तेव्हा त्यानं राजीनामा दिला. मंत्रिपद मिळाल्यावरही याच मुद्द्यावर ते सोडणारा माणूस, मला तो फार मोठा वाटतो.

इमारतीकडे मोबाईल वळवला तसा पोलिसानं लांबूनच बोट हलवलं. तर टीप हीच की गृहमंत्रालय, पोलीस, लष्कर, राष्ट्रपती भवन यांचे फोटो काढायचे नाहीत, अगदी बॅकग्राउंडलाही नको. आणि दिनार देशाबाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे लागतील तेवढेच बदला आणि बदलल्याची पावती जपून ठेवा, उरलेले परत करताना विचारतात.

रविवार, मेदिना आणि कसबा

जुन्या शहराला मेदिना म्हणतात. रविवारी बरीच दुकानं बंद असतात पण लबलाबीवाला चालू होता. लबलाबी म्हणजे छोल्यांचा रस्सा, पण खायची पद्धत बघण्यासारखी. आधी मातीचा वाडगा आणि शिळा पाव तुमच्या हातात देतात, पाव तुम्हीच बसून बारीक कुस्करायचा. आपण खानदेशात भाकरी चुरतो तसंच, फक्त पाव असल्यानं बोटांना जास्त जोर लागतो. मग वाडगा परत द्यायचा, तो माणूस वरून उकळते छोले, रस्सा, जिरेपूड, मीठ, चमचाभर हरीसा, ऑलिव्ह तेल आणि अर्धवट शिजलेलं अंडं घालतो, आणि दोन चमचे उलटसुलट फिरवून सगळं कालवून खायचं. हरीसा म्हणजे लाल मिरची, लसूण आणि शहाजिऱ्याचा ठेचा. मला घरचं काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं, ताईनं अजून हरीसा मागितला तेव्हा मालक खूश.

शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते, ताईचं फ्रेंच ऐकून गप्पा सुरू झाल्या. आधी शाहरुख खान, मग हवामान, कॉफी-साखरेच्या टंचाईचं गाऱ्हाणं, आणि मग मी हळूच विचारलं, अम्मार आठवतो का? ते मोठ्यांदा हसले. बेन अलीच्या काळात बंद केलेली साइट उघडली की "बंदी आहे" असं येत नसे, "४०४ पान सापडलं नाही" असं यायचं, म्हणजे जणू साइटच नाही. लोकांनी मग एक माणूस कल्पला, अम्मार, जो कुठेतरी बसून वायरी कापतो, आणि त्याचं नाव अम्मार ४०४. २००७ मध्ये त्यानं यूट्यूब आणि डेलीमोशनही बंद केलं होतं. गुरुजी म्हणाले, सायबर कॅफेला आम्ही पब्लिनेट म्हणायचो, तिथला मालक मागून फेऱ्या मारायचा, कारण गिऱ्हाइकानं काय उघडलं याची जबाबदारी त्याच्यावर.

अशाच एका पब्लिनेटमध्ये जून २००२ मध्ये झुहेर याह्याउईला पकडलं. 'ट्यूनेझिन' नावाची साइट तो टोपणनावानं चालवायचा. वाचकांना त्यानं प्रश्न विचारला होता, ट्युनिशिया हे प्रजासत्ताक आहे, राजेशाही आहे, प्राणिसंग्रहालय आहे की तुरुंग? त्याचे काका मुख्तार याह्याउई न्यायाधीश, त्यांनी २००१ मध्ये न्यायालयं स्वतंत्र नाहीत असं थेट बेन अलीला खुलं पत्र लिहिलं होतं, तेही पुतण्यानं छापलं. कोठडीत छळ झाला, शिक्षा २८ महिन्यांची, अपिलात २४. आत त्यानं उपोषणं केली. नोव्हेंबर २००३ मध्ये सुटला आणि १३ मार्च २००५ ला हार्ट अटॅकनं गेला, वय ३७. क्रांतीनंतर १३ मार्च हा तिथे इंटरनेट स्वातंत्र्याचा दिवस ठरला. फेसबुक, ट्विटर काही नव्हतं तेव्हा हा माणूस एकटा लिहीत होता, आणि अरब स्प्रिंगच्या गोष्टींत त्याचं नाव फार कमी येतं याचं मला वाईट वाटतं.

गुरुजींना मी शेवटी विचारलं, आणि आता? त्यांनी वाडगा बाजूला सरकवला आणि म्हणाले, आता मी फेसबुकवर फक्त नातवंडांचे फोटो टाकतो.

तिथून कसबाच्या चौकात गेलो. पंतप्रधान कार्यालयासमोरची ही मोकळी जागा, जानेवारी-फेब्रुवारी २०११ मध्ये सिदी बुझिद, कासरीन अशा देशाच्या आतल्या भागातली पोरं इथे थंडीपावसात मुक्काम ठोकून बसली होती, जुन्या राजवटीतले मंत्री हटेपर्यंत. आज पोलिसांचे कठडे आणि सेल्फी काढणारं एक कुटुंब, बाकी शुकशुकाट.

सोमवार, कार्थेज, सिदी बू सैद, ला मार्सा

टीजीएम नावाची लोकल आहे, १८७२ पासून चालू, समुद्राच्या कडेकडेनं जाते. डबे जुने, दारं उघडीच, पोरं लोंबकळत, मुंबईची आठवण झालीच. यावर 'कार्थेज प्रेसिडान्स' नावाचं स्टेशन लागतं, म्हणजे राष्ट्रपती भवन. नवात या साइटच्या लोकांनी बेन अलीच्या काळात काय केलं, तर राजकीय कैद्यांच्या मुलाखतींचे व्हिडिओ गूगल अर्थवर याच भवनाच्या जागी चिकटवले. यूट्यूब बंद, पण नकाशावर बेन अलीच्या घरावर गेलं की कैदी बोलायला लागायचे. नवात २००४ मध्ये परदेशात आसरा घेतलेल्या मुलांनी सुरू केली, सामी बेन गर्बिया त्यांतला एक. २००७ मध्ये अस्त्रुबाल या टोपणनावाच्या त्यांच्या साथीदारानं, युरोपातल्या विमानतळांवर हौशी लोकांनी काढलेले विमानांचे फोटो गोळा करून दाखवून दिलं की राष्ट्रपतींचं विमान अधिकृत दौरे नसतानाही फिरतंय. मग ते नेतं कोण, हा प्रश्न सगळ्या देशाला पडला. पत्रकारिता म्हणून हे किती हुशार काम आहे बघा, सगळी माहिती उघड्यावर पडलेली, फक्त कोणीतरी जुळवायची होती.

कार्थेजला अँटोनाइनचे हमाम बघितले, समुद्राला लागून प्रचंड खांब, तासभर वारा खाल्ला. सिदी बू सैद निळंपांढरं, फोटोत दिसतं तसंच, गर्दीही तशीच. पण तिथला बाम्बालूनी खा. पिठाचं कडं गरम तेलात सोडतात आणि साखरेत घोळवून कागदात हातावर ठेवतात, चटका बसतो तरी फेकवत नाही. चढावरच्या कॅफेत पाइन नट घातलेला पुदिन्याचा चहा मिळतो, पण दर आधी विचारून घ्या.

दुपारी ला मार्साला एका तरुण पत्रकार मुलीला भेटलो, ताईच्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे ओळख निघाली होती. ती वेब मीडियात काम करते. कॅफेत बसल्यावर तिनं स्वतःचा फोन बंद करून बॅगेत ठेवला आणि आम्हालाही तसंच करायला सांगितलं. २०११ मध्ये ती शाळेत होती. तिच्या भावाचं फेसबुक अकाउंट तेव्हा चोरीला गेलं होतं, लॉगिनच्या पानात सरकारी यंत्रणेनंच कोड घुसवून सगळ्यांचे पासवर्ड चोरायचा उद्योग केला होता, फेसबुकला घाईघाईनं ट्युनिशियासाठी सुरक्षित कनेक्शन चालू करावं लागलं. नंतरची दहा वर्षं म्हणजे ती ज्या हवेत मोठी झाली ती. २०१४ च्या राज्यघटनेत अभिव्यक्ती स्वातंत्र्य होतं, टीव्हीवर मंत्र्यांची खिल्ली उडवायचे, कोणी दचकायचं नाही. ती म्हणाली, आम्हाला वाटायचं हे असंच असतं.

२५ जुलै २०२१ ला राष्ट्रपती कैस सईद यांनी संसद गोठवली आणि १३ सप्टेंबर २०२२ ला अध्यादेश ५४ आला. त्याचं कलम २४ असं की ऑनलाइन खोटी बातमी किंवा अफवा पसरवली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार दिनार दंड, म्हणजे आपले साधारण पंधरा लाख रुपये, आणि ती सरकारी अधिकाऱ्याबद्दल असेल तर शिक्षा दुप्पट. खोटी कोणती हे ठरवणार कोण?

मी तिला पालघरचं सांगितलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर साधी पोस्ट टाकली म्हणून एका मुलीला आणि ती लाइक केली म्हणून दुसरीला अटक झाली होती, आयटी कायद्याचं कलम ६६ अ लावलं होतं, आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं. ती एकदम पुढे सरकून बसली. कोणी याचिका केली, किती वेळ लागला, त्या मुली आता लिहितात का, सगळं विचारत राहिली. मग म्हणाली, आमचं घटना न्यायालय २०१४ च्या घटनेत लिहिलेलं होतं, ते कधी उभंच राहिलं नाही. परतीच्या गाडीत ताई म्हणाली, "अरे, ती किती वेळा मागे वळून बघत होती, लक्षात आलं का तुझ्या?" आलं होतं.

मंगळवार, कैरवान

लांबच्या गावांना लुआज नावाच्या शेअर गाड्या जातात. लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची, निळा म्हणजे जिल्ह्यातली, पिवळा म्हणजे खेड्यांची. आठ जण भरले की सुटते, वेळापत्रक नाही, त्यामुळे सकाळी लवकर तळावर जा. आमची दोन सीटसाठी बराच वेळ अडली. एका आजीबाईंनी पिशवीतून संत्री काढून सगळ्या गाडीला वाटली, ड्रायव्हरला सोलून दिलं.

कैरवानची मोठी मशीद बघा, आणि मकरूद घ्या, रव्याची खजूर भरलेली तळून पाकात टाकलेली वडी. दुकानदार तीन प्रकार चाखायला देतो, मग न घेता निघणं जमत नाही. बाकी इथे मुक्काम केला नाही, दुपारी पुढची लुआज धरली. रस्त्याला निवडुंगाची कुंपणं, ऑलिव्हच्या रांगा, आणि जसजसं आत जावं तसतशी घरं बसकी आणि अर्धवट बांधलेली. किनाऱ्याकडचा देश आणि आतला देश यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

बुधवार, सिदी बुझिद

इथे पर्यटक येत नाहीत. पोस्टाच्या इमारतीवर, ज्याच्यापासून क्रांती सुरू झाली त्या फेरीवाल्या मोहम्मद बुअझिझीचा भला मोठा फोटो, रस्त्यापलीकडे दगडी हातगाडीचं शिल्प, आणि थोडं चाललं की गव्हर्नर कार्यालयाचं फाटक. १७ डिसेंबर २०१० ला सकाळी त्याचा तराजू आणि माल जप्त झाला, तक्रार घेऊन गेला तर कोणी भेटेना, आणि याच फाटकासमोर त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. वय २६. ४ जानेवारीला तो गेला.

पण मला त्या दुपारबद्दल जास्त सांगायचंय. नातेवाईक आणि फेरीवाले फाटकाशी जमले, त्याच्या नात्यातल्या अली बुअझिझीनं मोबाईलवर त्या जमावाचं शूटिंग केलं आणि फेसबुकवर टाकलं, त्याच संध्याकाळी ते अल जझीरावर दिसलं. त्याआधी २००८ मध्ये इथून दक्षिणेला गफ्सा-रदेयेफच्या फॉस्फेट खाणींच्या भागात सहा महिने आंदोलन चाललं होतं, माणसं मेली, शेकडो तुरुंगात गेले. फाहेम बुकाद्दूस या पत्रकारानं ते टीव्हीला दाखवलं म्हणून त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्या ऑगस्टमध्ये फेसबुकही काही दिवस बंद केलं होतं. तरी ट्यूनिसमध्ये बहुतेकांना कळलंच नाही. दोन वर्षांत फरक एवढाच पडला होता की कोटभर लोकसंख्येत फेसबुक वापरणारे सुमारे १८-२० लाख झाले होते आणि खिशात कॅमेरा आला होता. क्रांती फेसबुकनं केली असं म्हणणं मला पटत नाही, ती बेकार पोरांनी, वकिलांनी, कामगार संघटनेनं केली, गोळ्या त्यांनी खाल्ल्या. पण रदेयेफ एकटं पडलं तसं सिदी बुझिद एकटं पडलं नाही, ते या ब्लॉग लिहिणाऱ्या आणि व्हिडिओ टाकणाऱ्या लोकांमुळे. लीना जवळच्याच रगेब गावात जाऊन गोळी लागून मेलेल्यांचे फोटो स्वतःच्या नावानं टाकत होती. किडनी ट्रान्सप्लांट झालेली, ल्युपसनं कायम आजारी मुलगी. २७ जानेवारी २०२० ला ती गेली तेव्हा तिची तिरडी बायकांनी खांद्यावर घेतली. तिनं आणि तिच्या वडिलांनी, जे स्वतः बेन अलीच्या आधीचे राष्ट्रपती बोर्गिबा यांच्या काळात राजकीय कैदी होते, तुरुंगातल्या लायब्ररींसाठी हजारो पुस्तकं गोळा केली होती.

बाजारात एका फळवाल्याकडून स्ट्रॉबेरी घेतल्या. पन्नाशीचा माणूस, गाडीवर इलेक्ट्रॉनिक काटा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कारण धूळ फार. वजन करताना तो काटा एका हातानं धरूनच ठेवतो, माप झालं की लगेच गाडीखालच्या खोक्यात. परवाना आहे का विचारलं तर मान हलवली, नाही. ताईनं विचारलं, क्रांतीनं तुम्हाला काय मिळालं? तो म्हणाला, काम नाही मिळालं, बोलायला मिळालं, माझ्या बापाला तेही नव्हतं. त्याचा पोरगा बाजूला उभा होता, त्यानं बापाच्या बाहीला धरून ओढलं, आणि तो पुढचं बोलला नाही, दोन मुठी स्ट्रॉबेरी जास्तीच्या टाकल्या फक्त. ते पोरगं असेल पंधरा-सोळाचं, क्रांतीनंतर वाढलेलं. बाप बोलू बघतो आणि पोरगा गप्प करतो, हे बघून माझा जीव तुटला.

टीप: इथे स्वतःहून राजकारण काढू नका, लोकांनी काढलं तर ऐका, आणि बोललेल्या माणसाचा फोटो अजिबात सोशल मीडियावर टाकू नका. तुम्ही विमानात बसून निघून येता, ते तिथेच राहतात.

शुक्रवार, परत ट्यूनिस

गुरुवार प्रवासात गेला. शुक्रवारी बाब बनात भागात, कोर्टाजवळ, एका वकीलबाईंना भेटलो. त्यांनी सोनिया दहमानींची गोष्ट सांगितली. त्याही वकील, टीव्हीवर बोलायच्या. मे २०२४ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या आफ्रिकन स्थलांतरितांबद्दल चर्चा चालली होती, ते लोक इथेच राहू बघतात म्हणे, त्यावर त्या उपरोधानं म्हणाल्या की असा कोणता भारी देश आहे हा! एवढंच. ११ मेच्या रात्री तोंडं झाकलेले पोलीस वकिलांच्या संघटनेच्या इमारतीत घुसले आणि त्यांना उचलून नेलं, तेव्हा बाहेरून फ्रान्स २४ चं थेट प्रक्षेपण चालू होतं. अध्यादेश ५४ खालीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या सशर्त सुटल्या. बुर्हान बसैयस आणि मुराद झघीदी हे दोघे पत्रकार त्याच रात्री आत गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाबेलच्या कोर्टानं एका मजुराला फेसबुक पोस्टवरून चक्क फाशी सुनावली, जगभर बोंब झाल्यावर काही दिवसांत राष्ट्रपतींनी माफी दिली. त्याच महिन्याच्या अखेरीला नवातचं काम महिनाभर बंद ठेवायचा आदेश आला. बेन अलीच्या काळात परदेशातून चालणारी, क्रांतीनंतर अभिमानानं घरी परतलेली नवात!

बाईंना विचारलं, तुम्ही हे खटले का घेता? म्हणाल्या, आता अम्मार साइट बंद करत नाही, लिहिणाऱ्याला बंद करतो, मग कोर्टात कोणीतरी उभं राहायला हवं ना. त्या दुपारी त्यांची सुनावणी होती, अर्धी कॉफी तशीच सोडून गेल्या.

घरमालकीणबाईंनी शेवटच्या रात्री ब्रिक केला. पातळ पापुद्र्यात कच्चं अंडं, टूना आणि कोथिंबीर घालून घडी करून तळतात, बलक ओला राहायला हवा आणि सांडता कामा नये. ताईला जमलं, मला शर्ट बदलावा लागला.

घरी आल्यावर हे लिहून झालं तेव्हा सोमवारचा भाग ला मार्साच्या त्या मुलीला फोनवर वाचून दाखवला, ताईनं फ्रेंचमधून. तिनं दोन वाक्यं काढायला सांगितली, ओळख पटेल म्हणून, ती काढलीत. वकीलबाईंनी सांगितलेलं पण ऐकवलं. तिथे आमची कोणाचंच नाव न लिहिण्याची चर्चा चालू होती, तर ती म्हणाली, आमची नावं नकोत, पण सोनिया दहमानी हे नाव पूर्ण लिहा.